खर्ज कोणी खाल्ला?

मैफल सुरू होण्याआधी निवेदक सांगतो, "रसिकांनी आपापले मोबाईल कृपया बंद ठेवावेत." आम्ही आज्ञाधारकपणे खिशात हात घालतो. पडदा वर जातो, गायक नमस्कार करतो आणि पहिली गोष्ट काय करतो? स्वतःचा मोबाईल चालू करतो! त्यातून तंबोरा वाजू लागतो. कधी तो फोन माईकच्या तोंडाशी टेकवून ठेवलेला, कधी हार्मोनियमच्या आडोशाला दडवलेला. दडवावासा वाटतो, म्हणजे मनात कुठेतरी लाज शिल्लक आहे. तेवढीच काय ती आशा.

गेल्या काही वर्षांत गोव्यात हे इतकं सर्रास झालं आहे की आता कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. देवळातल्या उत्सवात, शाळेच्या सभागृहात, संगीतवर्गाच्या गुरुपौर्णिमेला, सगळीकडे तंबोरा खिशातून येतो. काही ठिकाणी तर खरे तंबोरे मंचावर असतात, दोन मुली ते छेडतही असतात, पण त्यांच्यापुढे माईक नसतो आणि ऐकू येतो तो फोनच. लग्नाच्या हॉलमध्ये ठेवलेली थर्माकोलची समई आणि हे तंबोरे यांत फरक काय?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं : "काय फरक पडतो? सूर तोच ना!" माझं भांडण याच वाक्याशी आहे. सूर तोच नसतो. कसा नसतो ते आकड्यांतच सांगतो, म्हणजे 'जुनं ते सोनं' म्हणणारा म्हातारा असा शिक्का बसणार नाही.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तंबोऱ्याची चौथी तार, म्हणजे खर्ज, त्याच्या बरोबर खालच्या सप्तकातली. म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. आता मोबाईलचा स्पीकर किती मोठा असतो? करंगळीच्या नखाएवढा. तो दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. म्हणजे खर्जाचा मूळ सूर त्यातून बाहेर येतच नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात, आणि त्यांवरून आपला मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो. गंमत अशी, की खर्जातून उमटणारा तो सुप्रसिद्ध स्वयंभू गंधार पाचवा उपस्वर, सुमारे ३४६ हर्ट्झ, म्हणून तो फोनमधून कसाबसा ऐकू येतो. लेक घरात आली, पण आई उंबऱ्याबाहेरच राहिली!

बरं, खरा तंबोरा आणला तरी संकट टळत नाही. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसापुढे जो मिक्सर असतो, त्याच्या प्रत्येक माईकच्या पट्टीवर बहुधा एक बारीकसं बटण असतं : लो कट. ते दाबलं की ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापला जातो. मंचावरची पावलं, पंख्याची घरघर येऊ नये म्हणून ते असतं, आणि निवेदकाच्या माईकला ते योग्यच आहे. पण तेच बटण सवयीने तंबोऱ्याच्याही माईकला दाबलं जातं. ६९ हर्ट्झच्या खर्जाचा मुळासकट बराचसा भाग तिथेच गेला. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा खर्ज सुमारे १०४ हर्ट्झचा, तोही कापणीच्या काठावर. तेव्हा खर्ज कोणी खाल्ला याचा तपास करायला पोलीस नकोत. अर्धा फोनने खाल्ला, अर्धा बटणाने.

आता एक तुलना करतो. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा बास गिटार वाजवतो. लग्नात, पार्ट्यांत, कधी तियात्राच्या बँडमध्ये. या बास गिटारचा प्रांत आणि आपल्या खर्जाचा प्रांत एकच. तिच्या चार तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. म्हणजे काळी एकचा खर्ज तिच्या 'डी' तारेच्या जेमतेम खाली बसतो. दोघांचं कामही एकाच जातीचं : स्वतः पुढे यायचं नाही, पण सगळ्यांनी ज्यावर उभं राहायचं ती जमीन धरून ठेवायची. हा मुलगा कार्यक्रमाला निघतो तेव्हा त्याची पिशवी बघण्यासारखी असते. सूर जुळवायचं यंत्र, तारांचा एक जादा संच, दोन केबल्स, गिटार थेट मिक्सरला जोडायचा डीआय बॉक्स, जादा बॅटरी, चिकटपट्टी. लग्नघरात आपल्याला कुणी काही देणार नाही हे गृहीत धरून तो जातो. साउंडवाल्याला आधी गाठतो, त्याच्या पोटापुरतं बोलतो आणि आपला खालचा सूर हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो की नाही हे स्वतः चालत जाऊन ऐकतो. घरी संथ लयीत, मेट्रोनोम लावून, एकेका सुराची लांबी घासतो. का? तर लोक जेवता जेवता नाचणार आहेत म्हणून!

आणि आमचा ख्याल गाणारा, दोनशे वर्षांच्या परंपरेचा वारसदार, मंचावर येतो तो फोन चार्ज केलाय का एवढंच बघून. गाण्याच्या बाबतीत आम्ही त्या मुलाला 'बँडवाला' म्हणून नाक मुरडतो. पण आपल्या पायाच्या सुराबद्दलची इमानदारी कुणाकडे आहे? तुम्हीच सांगा.

हा विषय निघाला की मला आठवतं ते देवास. माळव्यातलं, इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचं गाव. आम्हा गोंयकारांना ते लांबचं वाटतं, पण मराठी माणसाला ते परकं नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं; अठराव्या शतकात मराठ्यांबरोबर माळव्यात गेलेल्या घराण्यांची. धारच्या किल्ल्यात दुसरा बाजीराव जन्मला. देवासला तर एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. याच देवासचे उस्ताद रजबअली खाँ, गायक तर खरेच, शिवाय बंदेअली खाँच्या परंपरेतली बीन वाजवणारे. बीन म्हणजे खर्जाचंच माहेर. त्यांच्या घराण्यातले अमानत खाँ देवासवाले यांच्याकडे मंगेशीच्या लेकीने, लता मंगेशकरांनी, तालीम घेतली. म्हणजे धागा आमच्या दारापर्यंत आलेला आहे.

देवासच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. पहिली अशी : इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून तिथे राहिला. त्याने 'द हिल ऑफ देवी' या १९५३च्या पुस्तकात राजवाड्यातल्या वाद्यांची दशा लिहून ठेवली आहे. पियानो, हार्मोनियम वगैरे सगळी नवीकोरी खरेदी, आणि एकही वाजवण्याच्या लायकीचं नाही. कोरड्या हवेने लाकडं तडकलेली, पट्ट्या अडकलेल्या. पैसा होता, हौस होती, वाद्यं होती; सांभाळणारे हात नव्हते.

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. १९४८च्या जानेवारीत तेवीस वर्षांचे कुमार गंधर्व याच गावी आले, क्षयाने पोखरलेले. हवा कोरडी म्हणून आले. ज्या हवेने राजवाड्यातले पियानो मोडले, तिने आमचा गवय्या वाचवला! पाच-सहा वर्षं गाणं बंद. एक फुप्फुस निकामी झालेलं. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि १९५३च्या सुमाराला ते पुन्हा मैफलीत बसले. त्यानंतर ज्या तीन-चार दशकांनी हिंदुस्थानी गाण्याचा कान बदलला, ती सगळी देवासच्या घरातून उगवली. १९९२ साली ते तिथेच गेले.

आता कुमारांचं कुठलंही ध्वनिमुद्रण काढा आणि ते गात नाहीत तेव्हाचं ऐका. दम एकाच फुप्फुसाचा, म्हणून वाक्यं छोटी. सूर फेकला, सोडला, थांबले. या थांबण्यात काय असतं? तंबोरे असतात. भरून राहिलेले, चौथ्या तारेपासून छतापर्यंत. कुमार आपल्या तंबोऱ्यांच्या जुळणीबद्दल किती काटेकोर होते हे जाणकारांना वेगळं सांगायला नको. मला तर वाटतं, ती जुळणी हा शौक नव्हताच, ती गरज होती. ज्याला लांब दम नाही, त्याला विसावायला भरीव जागा लागते. त्या जागी आजचा फोन ठेवून बघा. कुमारांच्या त्या शांततेला भोकं पडतील. 'काय फरक पडतो' या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे.

यात आमचा वाटाही विसरू नये. ज्यांच्याकडे कुमार शिकले, त्यांत एक होत्या अंजनीबाई मालपेकर. गोव्यात जन्मलेल्या, भेंडीबाजार घराण्याच्या. आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या किशोरीताई मंचावर तंबोरे जुळवायला भरपूर वेळ घ्यायच्या, लोक घड्याळं बघत कुरकुरायचे, हेही अनेकांना आठवत असेल. कुरकुरणारे घरी गेले, जुळलेले तंबोरे मात्र ध्वनिमुद्रणांत अजून वाजताहेत.

आता समोरच्यांची बाजू. ती नाही असं मी म्हणणार नाही.

एक, पैसा. चांगली मिरजेची जोडी म्हणजे विद्यार्थ्याला न झेपणारा खर्च. खरं आहे. पण जो वर्ग ध्वनियंत्रणेला, फलकांना, पाहुण्यांच्या शालींना पैसे मोजतो, त्याने सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून एक जोडी घ्यायला काय हरकत आहे? मिरजेला सतारी-तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ती उभी केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण त्याच्या बातम्या एकमेकांना पाठवल्या, अभिनंदन केलं. वाद्य विकत घेणारे किती निघाले?

दोन, प्रवास. विमानात तंबोरा नेणं म्हणजे दिव्य, हे मान्य. पण पणजीहून फोंड्याला जाताना कुठलं विमान लागतं?

तीन, साथीला बसणारं कुणी मिळत नाही. मिळणार कसं? आपण त्यांना मानधन देत नाही, पत्रिकेत नाव छापत नाही आणि माईकही देत नाही.

चार, आमची दमट हवा. जून ते सप्टेंबर तंबोरा जुळलेला राहत नाही. तक्रार खरी आहे. पण याच हवेत आपल्या आज्या-पणज्यांनी तंबोरे सांभाळले, आणि त्यांच्याकडे वातानुकूलन नव्हतं.

आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं काय? तोही आता जुना झाला. बंगळूरला ही यंत्रं निघाली त्याला चार दशकं उलटली. घरच्या रियाजाला, प्रवासात, पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता गायला ते उपकारकच आहे, फोनमधला तंबोराही. माझा विरोध यंत्राला नाही. मंचावर, पैसे देऊन आलेल्या श्रोत्यांसमोर, ते खऱ्याच्या जागी बसवण्याला आहे. आणि त्याहून मोठा विरोध, विद्यार्थ्याने आयुष्यात एकदाही तार पिळली नाही तरी त्याला विशारद म्हणण्याला आहे.

नुसती शिवीगाळ करून थांबलो तर मीही निवेदकच ठरेन. म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी.

वाद्य : जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची जाड पितळी. खर्जाची तार काळवंडली, तिचा नाद मेला, की बदला. नवी तार बसायला काही दिवस घेते, तेव्हा कार्यक्रमाच्या सकाळी तार चढवू नका. पिशवीत प्रत्येक जातीची एक जादा तार, जव्हारीसाठी सुताचा दोरा आणि कोरडं फडकं ठेवा. जव्हारी बसली असेल, तार घोडीवर दबकी वाजत असेल, तर ती कारागिराकडूनच काढून घ्या. घरी कानस चालवू नका. पावसाळ्यात तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल भिंतीतून येते. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रवासात तारा थोड्या उतरवा.

जुळणी : आधी जोडाची एक तार पट्टीला मिळवा, मग दुसरी तिला, मग खर्ज, शेवटी पंचम, रागाप्रमाणे मध्यम किंवा निषाद. आधी खुंटीने, शेवटचा केसभर फरक मण्याने. मग दोरा इंचभरही नाही, केसभर मागेपुढे सरकवत जा, खर्जातून गंधार स्वच्छ उमटेपर्यंत. रोज पंधरा मिनिटं एवढंच करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रियाजाचा हा भाग आहे, रियाजाची तयारी नव्हे.

छेडणं : पंचमाला मधलं बोट, पुढच्या तिन्ही तारांना तर्जनी. नख नको, बोटाचं मांस. तबल्याची लय द्रुत झाली तरी तंबोऱ्याने धावायचं नाही. टाळ्या पडल्या तरी थांबायचं नाही. हे सोपं वाटतं. दोन तास करून बघा.

मंच : तंबोरे तासभर आधी मंचावर नेऊन ठेवा. दिव्यांच्या उष्णतेने आणि एसीच्या गारव्याने ते उतरतात-चढतात. आतल्या खोलीत जुळवून आणलेले तंबोरे पडदा उघडेपर्यंत बिघडलेले असतात. प्रत्येक तंबोऱ्याला स्वतंत्र माईक, घोडीपासून साधारण वीतभर अंतरावर. साउंडवाल्याला नावानिशी सांगा : "या माईकचं लो कट काढा." आवाज बारीक झाला की माईक आपोआप बंद करणारं नॉइज गेटही काढायला सांगा, नाहीतर तंबोऱ्याची शेपटी प्रत्येक वेळी तुटेल. मॉनिटरचं तोंड भोपळ्याकडे नको, घुमेल. मग एकाने छेडत राहायचं आणि गायकाने शेवटच्या रांगेत जाऊन ऐकायचं. आमच्या वाड्यावरचा बासवाला ऐकतो तसं.

आणि अगदीच नाइलाज असेल, फोनच वापरावा लागणार असेल, तर तो केबलने थेट मिक्सरला जोडा. माईकसमोर धरू नका. हॉलचे मोठे स्पीकर निदान खर्ज वाजवतील. फोन विमानाच्या मोडवर टाका, म्हणजे यमनच्या आलापात बँकेचा निरोप टिंग करणार नाही. आणि तो लपवू नका. श्रोत्यांना सांगा की आज तंबोरा नाही.

आयोजकांना एकच विनंती. कार्यक्रमाच्या खर्चात तंबोऱ्याच्या साथीची एक ओळ घाला, तबल्याच्या आणि हार्मोनियमच्या ओळीखाली, मानधनाच्या आकड्यासकट. पत्रिकेत त्यांचं नाव छापा. ज्या दिवशी साथ करणाऱ्या मुलीला आपलं नाव छापलेलं दिसेल, त्या दिवसापासून ती तंबोरा कलता धरून पेंगणार नाही.

यात पणाला काय लागलंय ते स्पष्टच सांगतो. गाणं शिकवता येतं, बंदिशी लिहून ठेवता येतात, ताना यूट्यूबवरून उचलता येतात. षड्ज कुठे आहे हे मात्र कानालाच कळावं लागतं, आणि तो कान खऱ्या तारेशी झगडूनच तयार होतो. फोनमधला षड्ज आयता मिळतो, म्हणून तो कुणी शोधत नाही. आमच्या वर्गांतून आज बाहेर पडणारी मुलं-मुली गोड गातात, तयार गातात, बक्षिसंही मिळवतात. त्यांच्या हातात न जुळलेला तंबोरा देऊन बघा. दहातली किती तो जुळवू शकतात? आणखी वीस वर्षांनी हीच गुरू होणार आहेत. तेव्हा शिकवायला कुणी उरलेलं नसेल, आणि काय हरवलं हे कळण्याइतका कानही नसेल.

म्हणून पुढच्या मैफलीला जाल तेव्हा फोन बंद करण्याची सूचना जरूर पाळा. आणि गायकाने आपला चालू केला, तर मध्यंतरात आयोजकांना गाठून शांतपणे विचारा, "तंबोरे कुठे आहेत?" दहा जणांनी विचारलं, तर अकराव्या कार्यक्रमाला ते मंचावर दिसतील. बटणाचं तेवढं लक्षात ठेवा.